चित्र यायच्या आधी

टीव्हीनं पोरांची डोकी बिघडतात असं कुणी म्हणालं, की मी त्याला आधी एवढंच विचारतो, की बाबा रे, टीव्ही मागून उघडून कधी पाहिलायस का? बहुतेकांनी पाहिलेला नसतो. मी पाहिलेला आहे. माझी उमेदीची सगळी वर्षं पलटणीत सिग्नलमध्ये गेली, आणि पेन्शन घेऊन आल्यावर लोणंदला स्टेशनच्या रस्त्यावर मी रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं तेही त्याच जोरावर. हवेतून काय येतं, कुठून येतं आणि मध्ये डोंगर आला की त्याचं काय होतं हे मला गावातल्या कुणीही शिकवायची गरज नाही. म्हणून माझ्या भाचीची, सगुणाची हकिगत मीच सांगितलेली बरी, नाहीतर बाजारात तिला लोक जी शेपटं लावतात त्यांना अंत नाही.

पुण्याजवळ सिंहगडावर मनोरा उभा राहिला, मुंबईचं चित्र पुण्यात दिसायला लागलं, तेव्हाच मी मनाशी म्हटलं होतं की हे चित्र मी लोणंदला आणून दाखवीन. लोक हसले. नाथाजी धनगराला पलटणीतनं येताना वारं लागलंय, असंही म्हणाले. पण शहात्तर साली मी पुण्याहून शटरचा लाकडी टीव्ही आणला, घराच्या पत्र्यावर एकात एक पाइप जोडून उंच एरियल उभी केली, तिचं तोंड वायव्येला फिरवत फिरवत एका संध्याकाळी नेमक्या जागी आणलं, आणि माझ्या सोप्यात बातम्या सांगणारी बाई दिसू लागली. तिचं नाक कधी लांब व्हायचं, कधी ती दोन व्हायची, पण दिसायची. हसणारे सगळे चपला बाहेर काढून आत येऊन बसले.

आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे शालूला, म्हणजे माझ्या बायकोला, ही रोजची गर्दी आवडायची. कांद्याच्या अडत्यांची पोरं, हमालांची पोरं, रेल्वेच्या चाळीतली पोरं, सगळी सहाच्या पुढे सोप्यात मांडी घालून बसायची आणि शालू त्यांना भाजलेल्या शेंगा द्यायची. शाळेतले गुरुजी एकदा मला म्हणाले, की पोरांची नजर यानं चंचल होईल. मी त्यांना तिथल्या तिथं पटवलं, की अहो, तुमच्या वर्गात जी पोरं घटकाभर बसत नाहीत ती इथं तासन् तास हलत नाहीत, म्हणजे लक्ष लागतंय की उडतंय?

त्याच वर्षी दिवाळीनंतर माझी धाकटी बहीण बनुबाई आली. आमचं मूळ गाव म्हसवडच्या अंगाला, माणदेशातलं. मी पलटणीत गेलो, पण बनूला केरबाच्या घरी दिली आणि ती मेंढरांमागं गेली. दरसाल दिवाळी झाली की त्यांची मेंढरं म्हसवडकडून निघायची, फलटण, लोणंद, शिरवळ करत वरंधा घाटाच्या बाजूला उतरायची, आणि पावसाच्या तोंडाला त्याच वाटेनं परत यायची. त्या खेपेला मी हट्टच धरला. तिची सगुणा सात वर्षांची झाली होती आणि तिनं अजून पाटीला हात लावला नव्हता. मी म्हटलं, पोरगी माझ्याकडं राहू दे, शाळेत घालतो. बनू बराच वेळ पोरीच्या केसांतून हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, की दादा, तुझ्या भरवशावर ठेवतेय. मी म्हटलं, जशी ठेवलीस तशी ज्येष्ठात परत देईन, वर चार अक्षरं जास्तीची. असं वचन मी हलक्यानं देत नाही.

सगुणा शहाणी पोर होती. पहिले चार दिवस रडली, मग शालूच्या मागं मागं फिरायला लागली, वेणीला रिबीन लावून शाळेत जायला लागली. शालूला तिचा इतका लळा लागला की मला मनातून भीती वाटायची, ज्येष्ठात हिला परत द्यायची तेव्हा शालूचं कसं होईल. टीव्हीचं मात्र सगुणाला काहीच नवल वाटलं नाही. पहिल्या संध्याकाळी तिनं बातम्या सांगणाऱ्या बाईकडं थोडा वेळ पाहिलं, ‘ही बोलती पर बघत न्हाई’ असं शालूच्या कानात सांगितलं आणि आत जाऊन झोपली.

आता इथं एक समजून घ्यायला हवं. आमच्या लोकांत पोराला मोजायला शिकवत नाहीत, बघायला शिकवतात. मेंढरं हलत असतात, एकमेकांत मिसळत असतात, ती बोटानं मोजू म्हटलं तर माणूस वेडा होईल. म्हणून पोरानं एका जागी बसायचं, नजर सैल सोडायची, एकाकडेही न बघता सगळ्यांकडे बघायचं, आणि मग जी नाही ती आपोआप उमगते. माझा बाप असा बसला की त्याची पापणी हलायची नाही. मलाही लहानपणी ते जमायचं, पलटणीत गेलं. सगुणाला ते सातव्या वर्षीच इतकं साधलं होतं की केरबा स्वतः तिला विचारून वाघरीचं तोंड बांधायचा. मेंढरं रात्री ज्या जाळ्याच्या कुंपणात कोंडतात ती वाघर.

एका दुपारी मी दुकानातून जेवायला घरी आलो तर सोप्यात टीव्ही चालू होता. कार्यक्रम सुरू व्हायला अजून अवकाश होता, त्यामुळे पडद्यावर नुसत्या मुंग्या, म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची वळवळ आणि खरखर, आणि समोर सगुणा गुडघ्यांना मिठी घालून बसलेली. मी विचारलं, की काय बघतेस गं? ती म्हणाली, मेंढरं. मला हसूच आलं. धनगराच्या पोरीला त्यात दुसरं काय दिसणार? मी तिला समजावलं, की हे काही नसतं, मनोरा बंद असताना हवेत जी खरखर असते ती एरियल उचलते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘व्हय मामा. जरा बाजूला सरा.’

पुढं ते रोजचंच झालं. शाळा सुटली की ती येऊन मुंग्यांपुढे बसायची, आणि संध्याकाळी बाकीची पोरं धावत येऊन जागा धरायची, चित्र यायचं, तेव्हा सगुणा उठून आत जायची. आमच्या सोप्यात चित्र आल्यावर उठणारी ती एकटीच होती. शालूला हे विचित्र वाटलं, मला नाही. पोरीला आईची आठवण येते, ठिपक्यांत कळप दिसतो, तेवढाच विरंगुळा, असं मी शालूला सांगितलं आणि त्यात चुकीचं काय होतं ते आजही मला कळत नाही.

एकदा ती जेवताना म्हणाली, की काळ्या तोंडाची व्याली, दोन झाली. शालूनं माझ्याकडं पाहिलं. पुढच्या आठवड्यात आमच्याच भावकीतला ज्योतिबा दोन बकरी विकायला लोणंदच्या बाजाराला आला होता, तो केरबाच्या तळावरूनच आला होता. काळ्या तोंडाच्या मेंढीला जुळी झाल्याचं त्यानं आपणहून सांगितलं. मी शालूला म्हटलं, अगं, तेव्हा मेंढ्या व्यायचाच हंगाम असतो, आणि काळ्या तोंडाच्या मेंढ्या प्रत्येक कळपात असतात. सगुणा मात्र ज्योतिबाला काहीच विचारायला बाहेर आली नाही. तिला त्याच्याकडून कळण्यासारखं काही नव्हतं.

पौषात बाकीची पोरंही लवकर यायला लागली. आधी मला वाटलं जागा धरायला येतात. पण ती सगुणाच्या मागं बसायची, मुंग्यांकडे बघायची, आणि चित्र आलं की त्यांची तोंडं उतरायची. अडत्याचा थोरला, जो एरवी सोप्यातली एकही गोष्ट धड राहू देत नसे, तोही तोंड किंचित उघडं टाकून बसायचा. मी एकदा दारात उभा राहून त्यांच्याकडंच बघत राहिलो. पोरांच्या माना हळूहळू डावीकडून उजवीकडे वळत होत्या, सगळ्यांच्या एका वेळी, आणि मध्येच सगळी एकदम थबकली. मी पडद्याकडे पाहिलं. एका कोपऱ्यातले ठिपके आतल्या बाजूला सरकले, कुत्रं जवळ आल्यावर मेंढरं सरकतात तसे, आणि पुन्हा पांगले. आमच्याकडच्या विजेचा दाब कधी एकसारखा नसतो, हे मी रोज दहा गिऱ्हाइकांना सांगत असतो.

त्यानंतर गुरुजी दुकानात आले. त्यांना बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. ते म्हणाले, की नाथाजीराव, पोरं आता वर्गात गडबड करत नाहीत, त्याचीच मला धास्ती वाटते. फळ्यावर लिहायला पाठ फिरवावी आणि वळून बघावं तर सगळी पोरं फळ्याच्या खालच्या कोऱ्या भागाकडे बघत असतात. हाक मारली तर ओ देतात, विचारलं तर उत्तरही देतात, पण नजर तिथून काढत नाहीत. तुमची भाची तर उत्तर देताना दुसऱ्याच कुणाला तरी वाट करून देत असल्यासारखी बसते. टीव्ही काही दिवस बंद ठेवा, असं ते हात जोडून म्हणाले. मला त्यांचं हात जोडणं आवडलं नाही, पण पोरीच्या अभ्यासाचा प्रश्न होता, आणि ज्येष्ठात बनूपुढं मला तिच्याकडून वाचून दाखवायचं होतं.

मी त्याच दिवशी टीव्हीची पिन काढली. बाकीची पोरं चार दिवस येऊन परत गेली आणि पुढं गोट्या खेळायला लागली. पोरांचं हे असंच असतं, आणि गुरुजींनीही वर्ग पुन्हा बोंबलायला लागल्याचं मला आनंदानं सांगितलं. सगुणा मात्र बंद पडद्यापुढे बसायची. मी तिच्या शेजारी बसून पाहिलं. काळ्या काचेत आम्ही दोघं दिसत होतो, मागचं दार दिसत होतं, आणि तिची बुबुळं अगदी बारीक बारीक हलत होती. डोळ्यांवर एखादं चित्र ठसलं की काही काळ राहतं, दिव्याकडे बघून डोळे मिटले की दिवा दिसतो ना, तसंच हे, असं मी शालूला समजावलं. शालू म्हणाली, तो दिवा हलत नाही.

त्या दिवसांत सगुणा एकच गोष्ट सारखी बोलू लागली. ‘एक कमी हाय, मामा.’ जेवताना, वेणी घालून घेताना, निजायच्या आधी. मी विचारायचो, कुठली कमी आहे? पांढरी, काळी, लंगडी? ती डोळे बारीक करायची आणि मान हलवायची. तिला ते उमगत नव्हतं आणि त्यानं ती कष्टी व्हायची. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. शिमग्याच्या दिवशी मी आणि दुकानातल्या गड्यानं मिळून टीव्ही उचलला, दुकानात नेला, आणि सोप्यातली ती जागा मोकळी केली. संध्याकाळी घरी आलो तर सगुणा तिथंच, उघड्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. शालू चुलीपाशी डोळे पुसत होती. मी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं माझ्याकडे न बघता, अगदी समाधानानं सांगितलं,

‘पुरी झाली, मामा.’

त्या दिवसापासून तिची कुरकुर थांबली. सांगितलं की जेवायची, सांगितलं की झोपायची, शाळेत पाठवली की जायची. पुस्तक धडाधड वाचायची, एक अक्षर अडखळायची नाही. शालू म्हणे, तिचं अंग हाताला हलकं लागतं, आणि हाक मारली तर ओ यायला मध्ये थोडा वेळ जातो, ट्रंक कॉलवर जातो तसा. मी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी जीभ पाहिली, पापण्या ओढून पाहिल्या, टॉनिक दिलं आणि पोरीला काही झालेलं नाही म्हणून सांगितलं. माझंही मत तेच होतं.

ज्येष्ठ लागला. मी रोज शिरवळच्या रस्त्याकडे बघायचो, आणि खरं सांगायचं तर मला घाई झाली होती. पोर धडधाकट होती, वाचत होती, लिहीत होती. एकदा ती बनूच्या हातात दिली की माझं वचन पुरं झालं असतं. एका दुपारी बनू आली. एकटीच आली. मेंढरं गावाबाहेर रेल्वे फाटकापलीकडच्या कांद्याच्या वावरात बसवली होती आणि केरबा तिथंच होता. ती पायरीवरच बसली. शालूनं पाणी आणलं तर तांब्याला हात लावला नाही.

‘दादा,’ ती म्हणाली, ‘पोर तुझ्याकडं रमत नव्हती तर एका शब्दानं सांगायचं हुतंस.’

मी म्हटलं, कोण रमत नव्हती? उलट छान रमली.

‘रमली म्हनून एकलीच वरंध्यापतूर चालत आली व्हय? शिमगा झाला त्या सांजंला मी वाघर बांधाय गेले तर ही मेंढरात हुबी. पायात काय न्हाई. मी रडलेय किती, आन् ह्यांनी तुला शिव्या दिल्या किती. तुझ्याकडनं कोन शोधायबी आलं न्हाई.’

मला क्षणभर तिची कीवच आली. शिमग्यापर्यंतचे चार महिने उन्हातान्हात, पोरीवाचून काढलेले, एखादी रानात चुकलेली दुसऱ्याची पोर आसऱ्याला आली असेल, आणि आईच्या जिवाला काय वाटेल ते वाटतं. मी तिला शांतपणे म्हटलं, बनू, जरा बस, आणि आत हाक मारली. मध्ये थोडा वेळ गेला. मग शालू सगुणाचा हात धरून तिला बाहेर घेऊन आली. सकाळीच न्हाऊ घातलेली, तेल लावून दोन वेण्या घातलेली, अंगावर मी पुण्याहून आणलेला निळा झगा.

बनू उठली नाही. तिनं पोरीकडे पाहिलं ते आम्ही कळपाकडे बघतो तसं, नजर सैल सोडून, आधी सगळी एकदम. पोरही आईकडे तसंच बघत राहिली. दोघींतली कुणीच पुढं होईना. मला ते सहन झालं नाही. मी सगुणाला पुढं ढकललं, तिची बाही वर सारली आणि मनगटावरचा लहानपणी चुलीच्या विस्तवानं भाजल्याचा डाग बनूला दाखवला. म्हटलं, हा बघ, आणि आता बोल.

‘डाग हाय,’ बनू म्हणाली. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. मग पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, कपाळाला नाक लावून वास घेतला, आणि हात हळूच काढून घेतले.

‘आई,’ सगुणा म्हणाली, ‘तिकडं तिला भूक लागलीया.’

बनू उभी राहिली. पदर खोचला. मी बोलत होतो, बरंच काही बोलत होतो, डॉक्टरांचं, गुरुजींचं, पुस्तकाचं. मला वाटतं मी पोरीला वाचूनही दाखवायला लावलं, आणि तिनं वाचलंसुद्धा, न अडखळता. बनूनं सगळा धडा उभ्यानं ऐकून घेतला. रागावली नव्हती आता. मला वाटतं, माझ्याकडे बघताना तिच्या डोळ्यांत थोडी माया होती.

‘ही ऱ्हाऊ दे वैनीपाशी,’ ती म्हणाली. ‘माझी माझ्याजवळ हाय.’

आणि ती निघून गेली. मागं वळून पाहिलं नाही. फाटकाकडे जाणारा रस्ता आमच्या पायरीवरून वळणापर्यंत दिसतो, तिथवर मी तिला बघत राहिलो. जाऊन त्या वावरात एकदा बघून यावं असं माझ्या मनात आलं, आणि मी चपलाही पायात सरकवल्या, पण शालूनं माझ्या दंडाला धरलं आणि मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर मला लाज वाटेल असा आनंद होता. आम्ही दोघं आत आलो.

सगुणा भिंतीपुढं जाऊन बसली होती. बाहेर ऊन उतरत होतं, मालगाडीची शिट्टी झाली, शालू शेंगा भाजायला बसली. बराच वेळ पोरीनं काही हालचाल केली नाही. मग तिचे खांदे आपोआप वर झाले, हनुवटी कुणाच्या तरी खांद्यावर टेकावी तशी पुढं आली, आणि ती आम्हाला आनंदानं म्हणाली,

‘मामी, आई पोचली. आईनं मला उचलून घेतलं.’